दर थंडीत बदकं आजारी पडतायत? आधी खुराड्याच्या पत्र्याला आतून हात लावून बघा

डिसेंबर लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. बदकं मान घालून बसलीयत, डोळ्यात फेस आलाय, एक तर तोंड उघडून श्वास घेतंय, रात्री बल्ब लावू का, घरात घेऊ का, नाहीतर कुणाला देऊन टाकू का. दर वर्षी तेच प्रश्न आणि दर वर्षी सगळे एकच उपाय करतात, तो म्हणजे खुराडं अजून बंद करायचं. आम्हीही तेच केलं होतं आणि त्यातच आमचं पेकिन जातीचं बदक गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. इथली थंडी तुम्हाला माहितीच असेल, राज्यात सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात निफाडचं नाव येतं, पारा पाच-सहाच्या खाली गेला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ड्रिप चालू करतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे सहा बदकं होती, चार खाकी कॅम्पबेल माद्या, एक नर आणि एक पांढरं पेकिन जे मुलीचं फार लाडकं होतं. घरामागे पत्र्याचं खुराडं. थंडी वाढली तशी मी चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, फटीत खताच्या रिकाम्या गोण्या कोंबल्या, आत शंभरचा बल्ब लावला आणि मला वाटलं झालं, आता उबदार आहे. आठ-दहा दिवसात दोन बदकांच्या डोळ्यात फेस, पिसं विस्कटलेली, आणि पेकिन श्वास घेताना शेपटी वरखाली करायला लागलं. मी काय केलं तर अजून एक ताडपत्री टाकली. चौथ्या दिवशी सकाळी ते गेलेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुराडं दाखवा म्हणून सांगितलं, आत वाकून पाहिलं आणि पहिलं वाक्य हेच बोलले की थंडीने नाही गेलं हे, ह्या हवेने गेलंय.

ते मला तेव्हा पटेना, पण नंतर नीट समजून घेतलं. मोठ्या बदकाला आपल्याकडची थंडी सहज सोसते. त्याच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं, वरच्या पिसांखाली बारीक मऊ पिसांचा थर असतो जो हवा धरून ठेवतो, आणि शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल ते चोचीने सगळ्या पिसांना लावत बसतं त्यामुळे पाणी आत जात नाही. पायांचं तर विशेषच आहे, पायात उतरणारं गरम रक्त आणि पायातून वर येणारं थंड रक्त शेजारशेजारच्या नळ्यांतून जातं, त्यामुळे गरमी वाटेतच परत अंगात जाते आणि पाय गार राहिले तरी बदकाला काही होत नाही. म्हणून ते एका पायावर उभं राहतं, चोच पाठीत खुपसून बसतं, ही आजाराची लक्षणं नाहीत. हे सगळं चालतं कधी, तर पिसं कोरडी असतील तर. ओल्या पिसात हवा धरली जात नाही. मग दहा अंशातही बदक कुडकुडतं.

आता ओल येते कुठून हे मला आमच्या नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका वाक्यात समजावलं. मी दुसऱ्या वर्षी परत ताडपत्री बांधायला काढली तर ते म्हणाले, "अगं, कांदाचाळीला आपण फटी का ठेवतो? कोंडून ठेवला तर कांदा सडतो ना. मग ह्यांना का कोंडतेस?" चाळीला खालून हवा, बाजूंच्या पट्ट्यांतून हवा, वर छप्पर, आणि तरी कांदा उघड्यावर नसतो. बदकांचं अगदी तसंच आहे. बदकाच्या विष्ठेत बहुतेक पाणीच असतं, श्वासातून वाफ निघते, शिवाय आत पाण्याचं भांडं असलं की ते अर्धं बाहेर सांडवणारच. ही सगळी वाफ वर जाते, पत्रा रात्री बर्फासारखा गार झालेला असतो, त्याला लागून पाणी होतं आणि पहाटे थेंब थेंब परत बदकांच्या पाठीवर. खाली ओलं गवत कुजून अमोनिया सुटतो, तो डोळे आणि श्वासनळी जाळतो. वरून बल्बने ऊब दिली की हे सगळं अजून जोरात होतं. म्हणजे मी ऊब देत नव्हते, मी वाफ कोंडत होते.

तर तुमच्याकडे नेमकं काय चुकतंय ते शोधायला एक पहाट द्या. दार उघडायच्या आधी, म्हणजे सहा-साडेसहाला, हात आत घालून छताला आतून लावा. ओला झाला तर हवा बाहेर जायला जागा नाही, विषय संपला, बाकी काही तपासायच्या आधी हे दुरुस्त करा. मग बसून नाही, वाकून नाही, पार बदकाच्या उंचीला नाक नेऊन दोन-तीन श्वास घ्या. उभं राहून वास येत नाही म्हणून लोक फसतात, अमोनिया सुटतो खालच्या अंथरुणातून आणि बदकाचं नाक तिथेच असतं. तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांचे रात्रभर चुरचुरतायत. तिसरं, खालचं अंथरूण मूठभर उचलून दाबा, लाडू झाला तर ते बदलायला झालंय, मोकळं पडलं तर ठीक. आणि संध्याकाळी वारा असताना एक उदबत्ती लावून बदकांच्या बसायच्या उंचीला धरा (गवतापासून लांब, हातातच धरा), धूर सरळ वर गेला पाहिजे, आडवा पळाला तर तिथे अंगावर झोत येतोय. तीच उदबत्ती छताजवळ नेली की धूर हळूहळू बाहेर निघाला पाहिजे. खाली वारा नको आणि वर हवा हवी, एवढंच गणित आहे पण बहुतेक खुराड्यात हे नेमकं उलटं असतं, खाली दाराशी फट आणि वर कडेकोट बंद.

दुरुस्ती फार खर्चाची नाही. आम्ही पत्रा आणि भिंतीच्या मधे समोरासमोरच्या दोन बाजूंना चार-पाच इंचाची पट्टी मोकळी केली आणि तिथे जाळी मारली. खालचे दोन-अडीच फूट मात्र फळ्यांनी पूर्ण बंद, उत्तरेकडच्या बाजूला तर बाहेरून उसाच्या पाचटाचा थर बांधला. पत्र्याखाली जुनं थर्माकोल बसवणार असाल तर त्यावर प्लाय मारा, नाहीतर बदकं ते टोचून खातात.

अंथरुणाचं सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आम्ही आधी सोयाबीनचं काड टाकलं, फुकट होतं म्हणून, ते टोचतं आणि तळपायाला जखमा झाल्या. बदकाचा तळपाय नाजूक असतो, जखमेत जंतू गेले की गाठ होते आणि काळी खपली धरते, मग ते लंगडतं आणि बरं व्हायला महिने जातात. भाताचं तूस चांगलं, इगतपुरीकडच्या राईस मिलमधून आम्ही गोण्या आणतो, खाली तीन-चार इंच तूस आणि वर कोरडं गव्हाचं काड. वखारीतला बारीक भुसा नको, धूळ फार उडते. आणि काहीही वापरा पण बुरशी लागलेलं काड वापरू नका, गंजीच्या खालचं दमट काड हातात घेऊन वास घेतला की कळतं. त्या बुरशीचे कण फुफ्फुसात जाऊन बसतात, बदकाला धाप लागते आणि त्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. रोज सकाळी ओला भाग फावड्याने काढायचा, वर कोरडं टाकायचं, आठवड्यात एकदा सगळं बाहेर. दहा मिनिटाचं काम आहे पण रोजचं आहे.

पाण्याबद्दल घरोघरी वाद होतात. आमच्याकडे सासूबाईंना रात्री पाणी न ठेवणं म्हणजे पाप वाटायचं. पण आत पाणी ठेवलं की दुसऱ्या दिवशी सगळं चिखल. आम्ही आता संध्याकाळी पोटभर खाऊपिऊ घालून मग आत घेतो आणि रात्री खाणंही नाही पाणीही नाही. दोन्ही एकत्रच काढायचं, नुसतं खाणं ठेवून पाणी काढायचं नाही कारण बदकाला घास पाण्याशिवाय गिळता येत नाही, अडकतो. मोठ्या धडधाकट बदकांना हे चालतं, पिल्लांना आणि आजाऱ्यांना नाही, त्यांच्यासाठी घमेल्यावर जाळी ठेवून त्या जाळीवर भांडं ठेवा म्हणजे सांडलेलं खाली घमेल्यात जातं. दिवसा मात्र पाणी खोल हवं, अख्खं डोकं बुडेल एवढं, कारण नाक आणि डोळे ते पाण्यातच धुतात. कुत्र्याच्या वाटीएवढ्या भांड्यावर ठेवलेल्या बदकांचे डोळे चिकटतात ते ह्यामुळेच. आंघोळीचा टब अकरा ते दोन, उन्हात, त्यानंतर पालथा. चारपर्यंत पिसं सुकून तेल लागलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या हिवाळ्यात हवा सुधारली, कुणी आजारी पडलं नाही, आणि जानेवारीत एका रात्रीत दोन माद्या गेल्या. वर मी ती षटकोनी कोंबडीजाळी मारली होती, ती फाडून काहीतरी आत आलं. सगळे म्हणाले मुंगूस, पण मुंगूस दिवसा फिरतं, रात्री नाही. रात्री येणारी म्हणजे उदमांजर, रानमांजर, कोल्हा आणि मोकाट कुत्री, आणि कोंबडीजाळी ही कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, आत येणाऱ्याला अडवायला नाही, कुत्रं ती दाताने ओढून काढतं. तेव्हापासून सगळीकडे अर्ध्या इंची वेल्डेड जाळी, खिळे वाकवून नाही तर पट्टी लावून स्क्रूने. उकरून येणाऱ्यांसाठी तीच जाळी भिंतीच्या पायापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीत पसरून वर दगड. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीला लागूनच उकरतो, त्याला खाली जाळी लागली की तो मागे सरून उकरत नाही. दाराला नुसती खिटी नको, कडी आणि त्यात अडकवलेला हुक असं दोन टप्प्यांचं हवं. आणि बदकं स्वतःहून वेळेत आत येत नाहीत हे लक्षात ठेवा, कोंबड्या अंधार पडला की जातात, बदकं अंगणातच बसून राहतात, रोज एकाच वेळी हाकून आत घ्यावी लागतात. आम्ही डब्यात मका खुळखुळवतो, आता आवाज आला की रांगेत येतात.

उसाच्या पट्ट्यात राहत असाल तर बिबट्याचं वेगळं सांगायला नको. जाळीचं खुराडं बिबट्यापुढे काहीच नाही, तिथे विटांची खोली आणि पक्कं दारच पाहिजे. रात्री बदकं ओरडली म्हणून एकट्याने बॅटरी घेऊन बाहेर जाऊ नका. ठसे दिसले तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, गावात सांगा.

तिसऱ्या वर्षी आम्ही जागाच बदलली आणि तेव्हापासून सुटलो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमधे चाळीत जातो आणि नोव्हेंबर संपेपर्यंत बहुतेक विकून होतो, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी चाळ रिकामी. नानांनीच सांगितलं की एक कप्पा घे. छप्पर उंच, दोन्ही बाजूंनी हवा, जमिनीपासून वर, पावसाची ओल नाही, सगळं तयारच होतं. फक्त तिथली हवा कांद्यासाठी आहे, बदकांसाठी ती जास्त होते, म्हणून खालच्या पट्ट्यांवर जुना प्लाय टाकून त्यावर तूस, बाजूंना दोन फुटापर्यंत आतून फळ्या, त्याच्या वर पट्ट्या तशाच उघड्या पण आतून वेल्डेड जाळी, आणि चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली रुंद फळी, उतार कमी ठेवून, कारण बदकाला उडी मारायला लावली की पाय दुखावतो. सात बदकांना साधारण पाच बाय सात फूट जागा दिलीय, एकाला चार-पाच चौरस फूट धरा. मार्चच्या आत सगळं काढून, घासून, चुना मारून, महिनाभर ऊन-वारा देऊन मगच परत कांदा, ह्यात आळस करू नका, खायची वस्तू आहे.

लक्षणावरून कारण ओळखायचं तर माझा अनुभव असा. डोळ्यात फेस आला की आधी अमोनिया आणि उथळ पाणी तपासा. धाप लागली, आवाज बसला तर बुरशी, आणि डॉक्टर, थांबायचं नाही. लंगडणं असेल तर तळपाय उलटा करून बघा, जखम नसेल आणि वाढतं पिल्लू असेल तर नायसिन (एक बी जीवनसत्त्व) कमी पडत असेल, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकाच्या पिल्लांना ते बरंच जास्त लागतं आणि नुसत्या मक्यावर वाढवलेल्यांचे पाय वाकतात. अंडी बंद झाली तर घाबरू नका, दिवस लहान झालेत म्हणून होतं, आजार नाही. वजन उतरतंय, सुस्त आहेत आणि हवापाणी सगळं ठीक आहे, तर खाद्य बघा. हे फार कमी लोक बघतात. दमट मका, जुनी शेंगदाणा पेंड, ह्यात अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष तयार होतं आणि बदक त्याला कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त नाजूक असतं, लिव्हर जातं. काळसर दाणे निवडून उरलेलं घालू असं करू नका, अख्खी गोणी बाजूला काढा. द्राक्षबागेत फवारणी झाली असेल तर तिथलं गवत आणि तिथलं साचलेलं पाणीही बंद. बल्ब फक्त पिल्लांसाठी, पहिल्या आठवड्यात ३२ अंशाच्या आसपास आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, आणि तोही साखळीने टांगलेला, कारण कोरड्या काडावर पडलेला बल्ब म्हणजे आग.

आमच्यापासून नांदूरमध्यमेश्वर जवळ, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरण, २०२० मधे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. थंडीत तिथे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे येतात, बघायला आम्हीही जातो. पण घरची बदकं त्या पाण्यावर सोडायची नाहीत. बर्ड फ्लू रानबदकांमधून येऊ शकतो, आणि बदक स्वतः आजारी न दिसता तो वाहू शकतं. २००६ मधे नवापूरला आणि २०२१ मधे परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झालं ते पोल्ट्रीवाले विसरलेले नाहीत. खाद्य झाकून ठेवा, धरणावर घातलेली चप्पल खुराड्यात नको, आणि एकाएकी दोन-तीन पक्षी मेले किंवा माना वाकड्या व्हायला लागल्या तर उघड्या हाताने उचलू नका, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कळवा, १९६२ ह्या पशुसेवेच्या नंबरवरही फोन करता येतो. डक प्लेग ह्या बदकांच्या विषाणूच्या आजारावरच्या लशीचंही थंडीच्या आधीच विचारून ठेवा.

आणि ज्यांना जमणारच नाही, फ्लॅटमधे आहेत, गावाला जायचंय, त्यांच्यासाठी. तळ्यात सोडून देऊ नका. नाशकात, पुण्यात लोक पांढरी पेकिन बदकं बागेतल्या तळ्यात नेऊन सोडतात आणि वाटतं मुक्त केली, पण पेकिनला उडता येत नाही, ती पहिल्या दोन-चार रात्रीत कुत्र्याच्या तोंडी जातात. त्यापेक्षा तीन महिन्यांसाठी कुणाकडे तरी ठेवा. आम्ही दुसऱ्या वर्षी उरलेली तीन बदकं माझ्या माहेरी सिन्नरला ठेवली होती. ठेवायच्या आधी स्वतः जाऊन रात्रीची जागा बघा, दिवसाची नाही. दार लावायची जबाबदारी घरातल्या कुणा एकाची आहे का ते विचारा, "आम्ही बघतो सगळे" म्हणजे कुणीच बघत नाही. तिथे कोंबडा असेल तर वेगळं ठेवतील का, नर किती आहेत, चार-पाच माद्यांमागे एकच नर असावा नाहीतर माद्यांच्या पाठीची आणि मानेची पिसं जातात. एकटं बदक कधीच देऊ नका, ते ओरडून ओरडून खाणं सोडतं, जोडी तरी हवी. खायचं काय हे मोघम सांगू नका, महिनाभराची गोणी सोबत द्या, पाव-बिस्कीट नाही हे मुलांच्या समोर सांगा. दर आठवड्याला पायांचा आणि डोळ्यांचा फोटो मागवा, माझा भाऊ सुरुवातीला वैतागला पण तिसऱ्या आठवड्यात त्या फोटोतूनच एकीच्या तळपायाची लाली आम्हाला वेळेत दिसली. आणि फेब्रुवारीत परत आणली की लगेच बाकीच्यांत मिसळू नका, दोन-तीन आठवडे वेगळी, वेगळं भांडं, आणि त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं, आधी घरच्यांचं आवरून.